राऊटरच्या पाठीवरची दोन वाक्यं

तुमच्या घरातला राऊटर एकदा उलटा करून बघा. मागे बारीक अक्षरांचं एक लेबल असतं. पासवर्ड शोधण्यापुरतं आपण ते बघतो आणि राऊटर परत धुळीत ठेवून देतो. त्या लेबलावर, नाहीतर सोबत आलेल्या पुस्तिकेत, बहुतेक वेळा दोन अटी छापलेल्या असतात. पहिली अट अशी की ह्या यंत्राने दुसऱ्या कुणाला त्रासदायक अडथळा करू नये. दुसरी अशी की ह्या यंत्राला जो काही अडथळा येईल तो त्याने निमूटपणे सोसावा, मग त्यापायी यंत्र नीट चाललं नाही तरी चालेल!

म्हणजे मी चालेनच असं नाही, हे ते बिचारं आपल्याला पाठीवर लिहून सांगतंय. आणि आपण वायफाय गेलं की आधी स्वतःला दोष देतो, मग मुलांना, मग नेटवाल्याला.

ही दोन वाक्यं आली कुठून, हे शोधत गेले आणि बरंच काही हाताला लागलं. थोडं लांबण आहे, पण चहा घेऊन बसा.

सुरुवात करू स्वयंपाकघरातून. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरत. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर अशा मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातला खाऊ वितळला, अशी गोष्ट सांगतात. खाऊ नेमका कुठला ह्यावर मतभेद असतील, पण १९४५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला हे नक्की. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद भरली. कुठल्या लहरी कुणी वापरायच्या ह्याची तिथे वाटणी झाली. संदेश पाठवण्यासाठी नव्हे तर नुसतं तापवण्या-शेकवण्यासाठी लहरी वापरणाऱ्या यंत्रांना, म्हणजे कारखाने, प्रयोगशाळा आणि दवाखाने ह्यांना, काही तुकडे तोडून दिले. त्यातला एक तुकडा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. (पाण्याचे रेणू नेमके ह्याच लहरींना नाचतात म्हणून ओव्हनला हा आकडा दिला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं नाही. पाणी बऱ्याच वेगवेगळ्या लहरींनी तापतं. हा आकडा वाटणीतून आलाय.)

जिथे ओव्हन आणि शेकण्याची यंत्रं गोंगाट करतात तिथे बोलायला कोण जाणार? इंजिनियर लोक ह्या पट्ट्यांना चक्क कचरापट्टे म्हणत. आणि म्हणूनच १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, एफसीसीने, हे पट्टे लोकांना मोकळे करून दिले. आयोगातले इंजिनियर मायकेल मार्कस ह्यांनी त्यासाठी बराच जोर लावला होता. एक वॅटपर्यंतचं यंत्र असेल आणि आपला संदेश पसरून पाठवायचं तंत्र त्यात असेल, तर लायसन्सची गरज नाही. फक्त अट एकच, तक्रार करायची नाही. कचऱ्याशेजारी फुकट जागा मिळाली तर वासाबद्दल बोलू नये, तसं.

आता आपल्याकडे या. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, घरात रेडिओ असेल तर त्याचं लायसन्स काढावं लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि त्या छोट्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. नुसतं ऐकायला! १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा ह्यांच्या राज्यात, घरात बसून हवेत लहरी सोडणं ही सामान्य माणसाची बाब नव्हतीच. २००५ च्या जानेवारीत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी लायसन्समुक्त केला. त्या नियमांत तोच सूर आहे. कुणाला अडथळा करू नका, कुणाकडून संरक्षण मागू नका, आणि ही जागा तुमच्या एकट्याची नाही. इतकी मोठी गोष्ट इतकी गुपचूप झाली, की तेव्हा कुणी पेढे वाटल्याचं ऐकलं नाही.

बरं, जागा मिळाली. पण एकाच जागेत सगळे बोलायला लागले तर? ह्याचं उत्तर त्याआधीच शोधून झालं होतं, तेही हवाईमध्ये. नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक तिथल्या विद्यापीठात होते. (लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायचा त्यांना नाद होता, म्हणून त्यांनी हवाई गाठलं म्हणे. संशोधनाला जागा निवडायचं इतकं प्रामाणिक कारण मी दुसरं ऐकलेलं नाही.) बेटं वेगवेगळी, मोठा संगणक एका बेटावर, आणि मधे समुद्र. म्हणून त्यांनी रेडिओने जोडणी करायचं ठरवलं आणि १९७१ मध्ये अलोहानेट सुरू झालं. सगळ्यांना एकच वाहिनी. ज्याला बोलायचंय त्याने बोलून टाकायचं. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर दोन्ही वाया. पोच आली नाही की समजायचं आदळले, मग थोडं थांबायचं आणि परत पाठवायचं. किती थांबायचं? तिथे गंमत आहे. प्रत्येकाने मनाला येईल तितकं! कारण दोघं सारखाच वेळ थांबले तर पुन्हा आदळणार. खराब लाईनवर दोघंही एकदम ‘हॅलो’ म्हणतात, दोघंही एकदम थांबतात, पुन्हा दोघंही एकदम ‘हॅलो’... तेच.

ह्या पद्धतीत वाहिनी कितीही गजबजली तरी तिचा जेमतेम १८ टक्के वेळ कामी लागतो, हे अब्रामसन ह्यांनीच गणिताने दाखवलं. वायफायने पुढे त्यात एक शिष्टाचार वाढवला. आधी कान देऊन ऐका, कुणी बोलत असेल तर थांबा, मगच बोला. त्यामुळे आपण ज्याला ‘नेट अडकलं’ म्हणतो ते पुष्कळदा अडकलेलं नसतंच. आपला राऊटर शेजारच्या वीस राऊटरांचं बोलणं संपायची वाट बघत उभा असतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल्स जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आमच्या सोसायटीत मी एकदा मोजली तर एकट्या ६ वर चौदा नेटवर्क होती. आणि ओव्हन? जड ट्रान्सफॉर्मरवाला ओव्हन आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा चालू-बंद होत असतो. राऊटर त्या फटीफटींतून आपलं बोलणं सरकवायचा प्रयत्न करतो. दूध तापेपर्यंत चित्र थिजतं ते त्यामुळे.

पुढचा भाग भराभर सांगते, कारण तो सगळीकडे मिळतो. दुकानांतली हिशेबाची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीला त्यांना जोडणाऱ्या तारा नको होत्या. तिच्या हॉलंडमधल्या शाखेतले विक हेज १९९० पासून नियम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. १९९७ मध्ये पहिला नियमसंच आला, वेग सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ मध्ये ‘वायफाय’ हे नाव एका नावं पाडणाऱ्या कंपनीकडून विकत घेतलं. त्या नावाला अर्थ काही नाही, ‘हायफाय’सारखं कानाला बरं वाटतं इतकंच.

आता नानाकाकांची गोष्ट. घरातल्यांना माहीत आहे, पण तिचा शेवट सगळ्यांना कळलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

नानाकाकांचा लॅपटॉप न्यू जर्सीहून दादाने आणून दिलेला, तिथेच घेतलेला. रोज सकाळी साडेसातला नानाकाका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर बसायचे. नात तेव्हा दहा महिन्यांची. २०१२ च्या पावसाळ्यात एका रात्री लाईट गेले आणि सकाळी लॅपटॉपवर घरचं नेटवर्क दिसेना. नेटवाल्यांचा मुलगा आला. त्याच्या मोबाईलवर ते व्यवस्थित दिसत होतं, काकूच्या मोबाईलवरही दिसत होतं. मग दोष लॅपटॉपचा! ‘कार्ड गेलंय आजोबा, तुम्ही काहीतरी दाबलं असेल,’ म्हणून तो गेला. ते शेवटचं वाक्य नानाकाकांना लागलं. त्यांनी लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात ठेवला. चाळीस वर्षं गिरणीत यंत्रं सांभाळलेला माणूस, त्याला कुणी ‘तुम्ही दाबलं’ म्हणावं? काकूच्या फोनच्या त्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना काही दिसायचं नाही. दादाला ‘तुझी गडबड असते सकाळी, राहू दे’ असं सांगून टाकलं. चार महिने असेच गेले. नात चालायला लागली ते त्यांनी फोटोत बघितलं.

दिवाळीत मी गेले तेव्हा काकूने हळूच लॅपटॉप काढून दिला. चालू केला तर शेजारपाजारची सहा-सात नेटवर्कं दिसत होती, फक्त घरचं नाही. म्हणजे कार्ड जिवंत होतं. मग एकच शंका उरली. राऊटरला केबल लावून त्याची पानं उघडली, तर चॅनेल होतं १३.

काय झालं होतं बघा. आपल्याकडे २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनेल्स चालतात. अमेरिकेत रिवाज ११ पर्यंतचाच, कारण वरच्या टोकाला लागून दुसऱ्या सेवेचा पट्टा आहे आणि तिकडे सांडलवंड चालत नाही. त्यामुळे तिथे विकलेले बरेच लॅपटॉप १२ आणि १३ कडे ढुंकूनही बघत नाहीत. (जपानने एके काळी १४ वंही दिलं होतं.) लाईट आल्यावर राऊटर नव्याने उठला, शिष्टाचाराप्रमाणे कमी गर्दीची जागा शोधली आणि त्याला १३ मोकळं सापडलं. त्याचं चुकलं नाही. लॅपटॉपचंही नाही. दोन देशांच्या कागदांमधल्या फटीत एक सकाळ पडली, आणि मग एकशेवीस.

मी चॅनेल ६ करून टाकलं. नानाकाकांना कागदावर तेरा चौकोन काढून सगळं समजावलं, तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे मी काही दाबलं नव्हतं.’ लॅपटॉप चालू झाल्यापेक्षा त्यांना त्याचंच जास्त होतं. नानाकाका २०१७ मध्ये गेले. तो तेरा चौकोनांचा कागद काकूला त्यांच्या पासबुकात मिळाला.

शेजारच्यांची नेटवर्कं दिसत होती असं म्हटलं, पण ती सगळी कुलूपबंद होती, नाहीतर नानाकाकांचं काम तात्पुरतं भागलं असतं. त्यालाही तारीख आहे. आधी पुष्कळ नेटवर्कं उघडीच असत, आणि ज्यांना कुलूप होतं त्यांचं, म्हणजे वेप नावाच्या पद्धतीचं, २००१ मध्येच तीन संशोधकांनी उघडून दाखवलं होतं. आपल्याकडे खरा धसका बसला २००८ मध्ये. २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीची मेल गेली होती. ती निघाली नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून, आणि त्या घरातल्या माणसाच्या मागे चौकशी लागली. पुढच्या काही आठवड्यांत अशाच मेल मुंबईतून आणखी गेल्या. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्कं शोधत फिरायचं जाहीर केलं, दूरसंचार खात्यानेही कुलपं लावायला सांगितलं. ते आवश्यकच होतं, त्यावर वाद नाही. पण साखर संपली तर वाटी घेऊन शेजारी जावं तसं नेट मागायला जाता येत होतं, ते दिवस तिथे संपले. आता लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा आधी पासवर्ड विचारतात, मग मुलीचं नाव.

अलीकडे दादाची तक्रार वेगळी असते. ‘राऊटर बंद करून चालू केला की ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क बराच वेळ येतच नाही, मग एकदम येतं. आणि कधी मधेच जातं.’ त्याला आता कारण माहीत आहे, पण इतरांसाठी सांगते. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेल्सवर आधीपासून रडारं आहेत. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत वायफायला तिथे शिरकाव मिळाला तो ह्या बोलीवर, की आधी कान द्यायचा आणि रडार ऐकू आलं तर जागा सोडून उठायचं. नेवार्क विमानतळावर उतरणाऱ्या विमानांसाठी वादळवाऱ्यावर नजर ठेवणारं एक रडार त्याच भागात बोलतं. दादाचा राऊटर उठल्या उठल्या निदान एक मिनिटभर तोंडातून अक्षर काढत नाही, त्या वेळात तो ते रडार आहे का हे ऐकत असतो. दादाच्या मुलीने, आता ती चौदा वर्षांची आहे, त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, ‘थांबा, तो ऐकतोय’. मराठीत.