गाडीतला खर्ज

गाडीत गाणं वाजवण्याचा इतिहास वाचायला घेतला की लक्षात येतं, त्यात गाणं थोडं आणि बॅटरीच जास्त आहे. आमच्या घरात हा विषय निघाला तो नातवाने डिकीत सबवूफर बसवून घेतला म्हणून. मी बी.ए. झालेला मास्तर, विजेचं गणित हा काही माझा प्रांत नव्हे. पण नवी वस्तू घरात आली की "ही आली कुठून?" हा प्रश्न काही सुटत नाही. मग वाचलं, नातवाला प्रश्न विचारून छळलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात १९३० ची, अमेरिकेतली. शिकागोच्या पॉल गाल्विन यांनी भावाबरोबर १९२८ साली एक छोटा कारखाना काढला होता. घरच्या विजेवर बॅटरीचा रेडिओ चालवता यावा म्हणून लागणारं एक उपकरण तिथे बनत असे. मग १९२९ ची मंदी आली. काहीतरी नवीन विकल्याशिवाय निभाव नव्हता. गाल्विननी मोटारीत बसणारा रेडिओ तयार करवला आणि १९३० मध्ये आपल्या स्टुडबेकर गाडीत घालून अटलांटिक सिटीच्या रेडिओ-संमेलनाला नेला. आत गाळा नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आवाज ऐकवला. नाव ठेवलं मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. त्याआधी कर्ज मिळावं म्हणून एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला, असा किस्सा सांगतात. खरा-खोटा देव जाणे, पण आमच्या नातवाला मी तो मुद्दाम दोनदा ऐकवला.

युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्टचा रेडिओ आला. वजन सुमारे १५ किलो, किंमत ४६५ राइशमार्क. छोट्या गाडीच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश!

आता खरी अडचण. त्या काळच्या गाड्यांची बॅटरी बहुधा ६ व्होल्टची. रेडिओतल्या काचेच्या नळ्यांची तार तेवढ्यावर तापायची, पण त्यांना काम करायला आणखी दोनेकशे व्होल्ट लागत. सुरुवातीला त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्यांची पेटी गाडीच्या तळाशी ठेवत. त्या संपल्या की रेडिओ मुका. यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडला. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात विजेच्या घंटेची आकृती असते ना, चुंबक पट्टी ओढतो, त्याने जोडणी तुटते, पट्टी परत येते, पुन्हा जोडणी होते... तशीच एक पट्टी डबीत घातली. ती सेकंदाला शंभरावर वेळा थरथरायची आणि बॅटरीचा सरळ प्रवाह तोडून-जोडून रोहित्राला द्यायची. रोहित्र त्याचे दोनेकशे व्होल्ट करायचं. या डबीला व्हायब्रेटर म्हणत. गाणं नसताना तिची गुणगुण ऐकू यायची.

पुढे १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. १९५५ च्या अखेरीस क्रायस्लरच्या इम्पिरियल गाडीत फिल्कोचा पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ मिळू लागला, जादा १५० डॉलर देऊन. त्याच सुमारास अमेरिकन गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर आल्या. ट्रान्झिस्टरला १२ व्होल्ट पुरतात, तेव्हा थरथरणारी डबी निकालात निघाली. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण सुटले नव्हते, आणि ते खर्जाने दाखवून दिलं.

आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेख काढले. शिवाय स्वर एक सप्तक खाली नेऊन तेवढाच मोठा ठेवायचा तर पडद्याने चौपट हवा हलवावी लागते. म्हणजे खर्ज हे खर्चाचं काम! १९७४ च्या 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी थिएटरात प्रचंड स्पीकर लावून प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरवल्या होत्या. १९८० मध्ये रोलंडचं ८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आलं. त्याच्या लांबलचक घुमणाऱ्या ठोक्यावर फ्लोरिडातल्या मायामीच्या पोरांनी एक संगीतप्रकारच उभा केला आणि तो वाजवायची जागा होती गाडी.

इथे पुन्हा बॅटरी आडवी आली. गाडी चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून खरे १८-२० वॅटच निघतात. (स्टिरिओच्या खोक्यावर '४ x ५०' छापलेलं असतं, त्याकडे लग्नपत्रिकेतल्या पदव्यांसारखं पाहावं.) जास्त हवे तर व्होल्ट वाढवा. १९७० च्या दशकात ॲरिझोनाचे जिम फॉसगेट आणि इतर काही जण गाडीसाठी वेगळे ॲम्प्लिफायर बनवू लागले. त्यात काय असतं? बॅटरीचा प्रवाह तोडायचा, जोडायचा, रोहित्राला द्यायचा आणि व्होल्ट वाढवून घ्यायचे. तीच ती जुनी थरथरणारी पट्टी! फक्त पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर, आणि शंभराऐवजी सेकंदाला हजारो वेळा. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. पंचवीस-तीस वर्षांत हद्दपार झालेली कल्पना मागच्या दाराने परत आली होती.

आता हिशेब. जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमधून ५०० वॅट काढायचे तर आत हजारेक वॅट घालावे लागतात, उरलेली उष्णता. १४ व्होल्टला म्हणजे ७० अँपिअरच्या वर. हेडलाइटच्या ५५ वॅटच्या दोन दिव्यांना मिळून आठ-नऊ लागतात. नवे 'क्लास डी' म्हणतात ते कमी खातात, तरी ४०-४५ आलेच. म्हणून बॅटरीपासून डिकीपर्यंत बोटाएवढी जाड वायर, आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर-हातभर अंतरात. फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी आहे असं आमच्या नातवाला वाटत होतं. तो असतो वायरसाठी. वायर वाटेत पत्र्याला घासून उघडी पडली तर मधली सगळी बॅटरी तिच्यातून पत्र्यात ओतली जाते. पॅकार्डची गोष्ट मी उगाच नव्हतो सांगत. अर्थची वायरही तेवढीच जाड, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला लावलेली. नाहीतर अल्टरनेटरची शिट्टी गाण्यात येते.

हे सगळं झालं, गाडी घुमू लागली, आणि आमच्या सौं.च्या माजघरातली भांडीही. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, ती काचेला किंवा विटेला फारशी जुमानत नाही. मग मी पोरावर नियमांची सरबत्ती सुरू केली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण नियम नीट वाचताना मीच थबकलो. ती मर्यादा 'डेसिबल-ए' मध्ये आहे. हे 'ए' माप १९३६ च्या अमेरिकन मानकातलं, फ्लेचर-मन्सनच्या त्याच आलेखांवरून बेतलेलं. कानाला खर्ज कमी ऐकू येतो म्हणून ते ४० हर्ट्झला जवळजवळ ३५ डेसिबल वजा करून टाकतं. म्हणजे छातीत धडधडतंय, तावदानं वाजताहेत, आणि मापक शांत. विसर्जनाच्या ट्रॅक्टरवर जनरेटर ठेवून जी भिंत उभी करतात, तिच्या खर्जालाही हीच सवलत.

नातू म्हणाला, "आजोबा, 'सी' माप पण असतं. त्यात ४० ला दोनच डेसिबल कापतात." फोनवर ते घालून त्याने माजघरातच मोजून दाखवलं. आकडा पाहून त्याने स्वतःच्या हाताने आवाज कमी केला. नियमात मात्र अजून 'ए' आहे.