बालकर्करोग कुटुंबसाहाय्य (परभणी जिल्हा)

बालकर्करोग कुटुंबसाहाय्य : कर्करोग झालेल्या मुलाच्या उपचारकाळात त्याच्या कुटुंबाला मिळणारी निवास, आहार, प्रवास, समुपदेशन आणि औषधखर्चाची मदत. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने धर्मादाय संस्था करतात. त्यांतील अनेक संस्था कुणाच्या तरी स्मरणार्थ स्थापन झालेल्या आहेत. परभणीसारख्या, मोठ्या कर्करोग रुग्णालयांपासून दूर असलेल्या जिल्ह्यातील मुलासाठी ही मदत उपचाराचाच भाग ठरते. राहायला जागा नसेल, तर मोफत मिळणारे औषधही मुलाच्या वाट्याला येत नाही.

आजार व उपचारकाळ : मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचा वाटा सुमारे एकतृतीयांश असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे चार लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरे होतात, तर अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. निदानाला झालेला उशीर, औषधांची टंचाई आणि अर्धवट सुटलेले उपचार ही या तफावतीची मुख्य कारणे होत.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. सुरुवातीचे काही महिने केमोथेरपी तीव्र असते. त्यानंतरच्या देखभालीच्या टप्प्यात घरी रोज गोळ्या घ्यायच्या आणि ठरावीक अंतराने रक्त तपासायचे असते. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. पालक याला ‘काउंट खाली गेला’ असे म्हणतात. अशा वेळी आलेला साधा तापही जिवावर बेतू शकतो आणि शिरेतून प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, तासाभरात सुरू व्हावे लागते. मध्यरात्री ताप चढला तर परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ किंवा पालम तालुक्यातील वस्तीवरून कर्करोग रुग्णालय तासाभरात गाठणे अशक्य आहे. म्हणून तीव्र उपचाराच्या काळात कुटुंबाला रुग्णालयाजवळच मुक्काम करावा लागतो.

परभणीहून उपचारापर्यंत : जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा हे नऊ तालुके आहेत. जवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. देवगिरी, नंदिग्राम किंवा तपोवन एक्स्प्रेसने तेथे जावे लागते. ‘पोराला टाटाला नेलंय’ एवढ्यावरून गावाला आजार कळतो.

जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची असते. उपचार दोन-तीन गळीत हंगामांवर पसरला, की आईबापांपैकी एक जण मुलाजवळ अडकतो, ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची ऊसतोडणीची जोडी, अर्धा पडतो आणि उचल अंगावर राहते. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घराचीही अशीच ओढाताण होते. घरी राहिलेल्या भावंडांची शाळा आणि जेवण आजीवर येऊन पडते. हा खर्च रुग्णालयाच्या बिलात कुठेच दिसत नाही.

स्मारकसंस्था : टाटा स्मारक रुग्णालयाच्या स्थापनेमागे लेडी मेहेरबाई टाटा यांची स्मृती आहे. १९३१ मध्ये ल्युकेमियाने त्यांचे निधन झाले. पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावे न्यास स्थापन केला. त्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने उभारलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या आजाराने मेहेरबाई गेल्या, त्याच आजारातून आज तेथे असंख्य मुले बरी होऊन घरी परततात.

परळ येथील नाना पालकर स्मृती समिती १९६८ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक आणि डॉ. हेडगेवार यांचे चरित्रकार नाना पालकर यांच्या स्मरणार्थ ती बाहेरगावच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची अल्प दरात सोय करते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा कर्करुग्णांच्या कुटुंबांचा मोठा आसरा आहे. अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे १९८१ मध्ये कर्करोगाने निधन झाल्यानंतर त्यांच्या नावाने मदतकार्य सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या कर्करोग रुग्णालयालाही त्यांचेच नाव आहे. तेथे १९८७ मध्ये सुरू झालेली कर्करोग नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय.

केवळ मुलांसाठी निवास देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था निहाल व श्यामा कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत सुरू केली. येथे कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळते आणि राहण्याचे पैसे पडत नाहीत. स्वयंपाकघर सामाईक असले तरी प्रत्येक घराची शेगडी वेगळी असते आणि शिधा संस्था पुरवते. काउंट खाली असलेल्या मुलाला ताजे, पूर्ण शिजलेले अन्न आणि उकळलेले पाणी लागते. फुटपाथवर मुक्काम करून हे साधत नाही. स्वतःच्या शेगडीवर आई ज्वारीची भाकरी थापते, मुलाच्या सवयीचे वरण करते. तोंडाची चव गेलेले मूल निदान चार घास खाते.

अर्धवट सुटणारे उपचार : २००९ च्या सुमारास टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात पाचांतील साधारण एक मूल उपचार नाकारत किंवा मध्येच सोडत असे. २०१० पासून ‘इम्पॅक्ट’ उपक्रमातून समाजसेवक, निवास, आहार, रक्त आणि आर्थिक मदत यांची सांगड घातली गेली. तारीख चुकवलेल्या कुटुंबांना फोन करून परत बोलावले जाऊ लागले. पुढील काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. उपचार सुटल्याबद्दल पालकांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे किती अन्यायाचे होते, हे यावरून स्पष्ट होते.

शासकीय साहाय्य : आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड पहिल्या टप्प्यात होता. परभणीचा समावेश नोव्हेंबर २०१३ मध्ये झाला. योजनेत केमोथेरपी, किरणोपचार व शस्त्रक्रिया येतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वे शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ करते, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत देते. यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. बुडालेली मजुरी मात्र ही योजना किंवा सवलत यांतून भरून निघत नाही.

जिल्ह्यातील गरज : परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देखभालीच्या टप्प्यातील रक्ततपासणी, रक्त व प्लेटलेट देणे आणि तापावरील पहिले प्रतिजैविक जिल्ह्यातच मिळाले, तर मुंबईच्या फेऱ्या घटतील आणि आईबाप कामावर परततील. दीर्घकाळचा ताप, फिकटपणा, अंगावरील निळसर डाग, हाडांचे दुखणे किंवा मानेतील गाठी दिसताच आशाताई व प्राथमिक आरोग्य केंद्राने मुलाला पुढे पाठवणे हीदेखील मदतीची पहिली पायरी होय. जिल्ह्यात एखाद्या दिवंगताच्या नावे देणगी द्यायची असेल, तर उपचार घेणाऱ्या मुलाच्या घराचा महिन्याचा शिधा, गाडीभाडे आणि भावंडांच्या शाळेचा खर्च उचलणे हे थेट उपयोगाचे काम ठरते. त्यामुळे मुलाची पुढची तारीख चुकत नाही.