कोर्टाची पायरी चढलेली बाई

 

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या आज्या म्हणायच्या, आया म्हणायच्या, आता आम्हीही म्हणतो. आज मात्र आम्ही अशा एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत, ज्या कोर्टाची पायरी चढल्या आणि चढत चढत निकाल देणाऱ्या खुर्चीपर्यंत पोचल्या. त्यांचं नाव न्यायमूर्ती सुजाता मनोहर. मुंबई हायकोर्टाच्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या बाईंची गोष्ट दौलताबादला कशाला? तर ऐका. आपण राहतो त्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी नियम लिहिण्याचं काम फार जुनं आहे. तेराव्या शतकात यादव राजांच्या दरबारात हेमाद्री पंडित होता. आपण त्याला हेमाडपंत म्हणतो. त्यानं ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा मोठा ग्रंथ रचला. कोणतं व्रत कसं करायचं, दान कसं द्यायचं, श्राद्ध कसं घालायचं, हे सगळं त्यात आहे. आता व्रतं धरायच्या कुणी? बहुतेक बायकाच. पण नियम लिहिले पुरुषांनी. त्यानंतर राज्यं बदलली. यादव गेले, सुलतान आले, मोगल आले, निजाम आला, इंग्रज आले. नियम लिहिणारा आणि निवाडा करणारा मात्र पुरुषच राहिला.

मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ साली. त्या खुर्चीवर पहिली बाई बसली १९७८ साली. मध्ये किती वर्षं गेली? एकशे सोळा. एवढ्या काळात बायकांच्या वाटणीचे, पोटगीचे, विधवांच्या हक्काचे हजारो खटले तिथं चालले असतील. त्यांचा शेवटचा शब्द एकाही बाईनं दिला नव्हता.

आधी हायकोर्ट म्हणजे काय ते सोपं करून सांगतो. सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार मंजूर झाला, तर आपण प्रांताकडे अपील करतो. म्हणजे काय म्हणतो? की साहेब, खालच्यानं दिलेला निकाल आम्हाला पटला नाही, तुम्ही पुन्हा बघा. कोर्टातही तसंच आहे. तालुक्याचं कोर्ट, त्यावर जिल्ह्याचं, त्यावर हायकोर्ट, आणि सगळ्यांत वर दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. वरच्या कोर्टाचे न्यायाधीश बहुतेक वेळा खालच्या निकालाची फेरतपासणी करतात. आणि त्यांनी कायद्याचा जो अर्थ लावला, तो पुढे खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागतो. म्हणून त्या खुर्चीवर कोण बसतं, हे फार महत्त्वाचं आहे.

आपला मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होता. पुढे आपण मुंबई राज्यात आलो आणि आपलं हायकोर्ट मुंबईला गेलं. साध्या माणसाला अपिलासाठी एवढा लांबचा प्रवास, वकिलाची फी, राहण्याखाण्याचा खर्च. पंचवीस वर्षं असं चाललं. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, हायकोर्टाचं काम सुरू झालं आणि १९८४ साली ते कायमचं खंडपीठ झालं. जालना रोडवर जी इमारत आपण एसटीच्या खिडकीतून बघतो, ती त्याच मुंबई हायकोर्टाची शाखा आहे. म्हणजे सुजाताबाई ज्या कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश, ते कोर्ट आपलंच.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९३४ चा. माहेर वकिली घराणं. वडील कांतिलाल देसाई पुढे गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. सुजाताबाई मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकल्या, मग इंग्लंडला ऑक्सफर्डला गेल्या, तिथं बॅरिस्टर झाल्या. खोटं कशाला बोलायचं? तुमच्याआमच्यासारखं डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन त्यांचं बालपण गेलं नाही. घरात पुस्तकं होती, पाठीशी वडील होते. पण तरीही वाट मोकळी नव्हती.

याच ऑक्सफर्डला त्यांच्या कितीतरी आधी आपल्या नाशिकजवळ देवळालीला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी जाऊन आल्या होत्या. १८९२ साली त्यांनी तिथं कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण भारतात परत आल्यावर वकील म्हणून उभं राहायची परवानगी बायकांना नव्हतीच. तो कायदा बदलला १९२३ साली. तीस वर्षं शिकलेली बाई दाराबाहेर. पुढे मिठन लाम या पारशी बाई मुंबई हायकोर्टात वकिली करायला उभ्या राहिल्या. केरळात अ‍ॅना चंडी १९५९ साली देशातल्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. बांधावरून एकीमागून एक चालत गेलं की पायवाट पडते, तशी ही वाट पडली.

सुजाताबाईंनी १९५८ साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. बायका वकील तेव्हा बोटावर मोजण्याइतक्या. मोठे व्यापारी खटले त्यांनी चालवलेच, पण ज्यांच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत अशांसाठीही त्या उभ्या राहिल्या. नवरा-बायकोच्या भांडणांतले, कुटुंबाचे कितीतरी खटले त्यांनी मोफत कायदेशीर मदत म्हणून चालवले. वीस वर्षं असं काम केल्यावर १९७८ साली त्या न्यायाधीश झाल्या. पुढची सोळा वर्षं त्यांनी त्या खुर्चीवर काढली. जानेवारी १९९४ मध्ये त्या मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, त्या पदावरही पहिल्या महिला. लगेच एप्रिलमध्ये केरळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, तिथंही पहिल्या. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांच्या आधी तिथं एकच बाई न्यायाधीश झाली होती, केरळच्या फातिमा बीवी, १९८९ साली.

आता त्यांच्या दोन निकालांविषयी बोलू, कारण न्यायाधीशाची ओळख निकालातून होते.

पहिला निकाल १९९५ सालचा. आंध्र प्रदेश सरकारनं नियम केला होता की सरकारी नोकरभरतीत लायकी सारखी असेल, तर तीस टक्क्यांपर्यंत जागांवर बायकांना प्राधान्य द्यायचं. हा भेदभाव आहे म्हणून एका पुरुष उमेदवारानं आव्हान दिलं. खटला सुप्रीम कोर्टात दोन न्यायाधीशांपुढे गेला. निकाल सुजाताबाईंनी लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बायका शतकानुशतकं समाजात आणि पैशाअडक्यात मागं ठेवल्या गेल्या. नुसतं सगळे समान आहेत म्हटल्यानं त्या पुढे येत नाहीत. त्यांच्या हातात काम आलं, तर त्या उभ्या राहतात. राज्यघटनेनं बायकांसाठी खास तरतूद करायची परवानगी सरकारला दिलेली आहे, आणि नोकरीतलं प्राधान्य त्यात बसतं. नियम कायम राहिला. गटाच्या पहिल्या कर्जातून शिलाई मशीन घेतलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा निकाल आपल्यासारख्याच एका खेड्यातल्या बाईमुळे लागला. राजस्थानात भटेरी नावाचं गाव आहे. तिथं भंवरीदेवी नावाच्या ताई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करायच्या, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या घरोघरी जाऊन. १९९२ साली गावातल्या एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्याचा राग धरून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या गप्प बसल्या नाहीत, तक्रार केली. १९९५ साली खालच्या कोर्टानं आरोपींना सोडून दिलं. पण तेव्हाच जयपूरची ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, बाई कामासाठी घराबाहेर पडते, तिथं तिची अब्रू सांभाळायची जबाबदारी कुणाची?

तीन न्यायमूर्तींपुढे ते प्रकरण चाललं. सरन्यायाधीश वर्मा, न्यायमूर्ती किरपाल आणि आपल्या सुजाता मनोहर. १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल आला. तो लिहिला सरन्यायाधीशांनी, पण तो तिघांचा एकमतानं दिलेला निकाल. कोर्ट म्हणालं की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होणं म्हणजे बाईच्या समानतेच्या, सन्मानानं जगण्याच्या आणि काम करण्याच्या हक्कावर घाला आहे. संसदेनं कायदा केलेला नाही, तर तो होईपर्यंत आमचे नियम कायदा म्हणून पाळा. मालकानं तक्रार समिती नेमावी, समितीची प्रमुख बाई असावी, निम्म्याहून कमी बायका नसाव्यात, आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी. संसदेला तो कायदा करायला पुढं सोळा वर्षं लागली. २०१३ साली तो झाला. भंवरीदेवींच्या स्वतःच्या खटल्यातलं अपील मात्र वर्षानुवर्षं पडूनच राहिलं. त्यांच्या धाडसानं देशातल्या बायकांना कायदा मिळाला, त्यांना स्वतःला वेळेवर न्याय मिळाला नाही. हे सांगताना आम्हाला जड जातं, पण सांगायलाच हवं.

आता आमची गोष्ट. आमच्या गटातली एक ताई फळं निवडायच्या एका लहानशा शेडमध्ये मजुरीला जायची. सात-आठ बायका होत्या तिथं. मालक अंगचटीला यायचा, नको ते बोलायचा. एक दिवस तिनं बैठकीत रडत सांगितलं. आम्ही काय केलं? पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, “जाऊ दे बाई, काम सोड, उगीच बोभाटा नको.” तिनं काम सोडलं. मालकाचं काहीच गेलं नाही. तिच्या जागी दुसरी आली. आम्हाला कायदा कळला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणत आम्हीच तिला खाली ओढलं होतं.

म्हणून नीट ऐकून ठेवा. जिथं दहापेक्षा कमी लोक काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. त्यासाठी जिल्ह्याला जायची गरज नाही. तालुक्याला नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार दिली की सात दिवसांत त्यांनी ती समितीकडे पाठवायची. शेतमजूर, वीटभट्टीवरच्या, घरकाम करणाऱ्या, सगळ्या यात येतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला समितीनं मदत करायची असते. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. निकाल पटला नाही, तर अपील आहेच.

सुजाताबाई १९९९ साली सुप्रीम कोर्टातून निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगावरही काम केलं. २०२१ साली सुप्रीम कोर्टात एकाच दिवशी तीन बायकांनी न्यायाधीशपदाची शपथ घेतली, तेव्हा आम्हाला त्या एकशे सोळा वर्षांची आठवण झाली.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक काम करा. तुमच्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, त्याचा फोन नंबर काय, हे तहसीलमध्ये विचारून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आम्ही लिहिला आहे. आमच्या त्या ताईनंच तो लिहिला, स्वतःच्या हातानं.