कासू परिसरातील वाहतूक व मालवाहतूक

कासू हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातील गाव व रेल्वे स्थानक आहे. पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान, अंबा नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. गाव लहान असले तरी राष्ट्रीय महामार्ग, लोहमार्ग आणि खाडीतील जलमार्ग हे तिन्ही या परिसरात थोड्या अंतरात एकवटतात. पेण व रोहा तालुक्यांतील उद्योगांच्या वाढीमागे ही परिस्थिती प्रामुख्याने कारणीभूत आहे.

जलमार्ग

तिघांत जलमार्ग सर्वांत जुना. रस्ते होण्यापूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते व मचवे अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत येत आणि मुंबईशी होणारा भात, मीठ, लाकूड यांचा व्यापार त्यांवर चाले. महामार्ग झाल्यावर नागोठणे बंदराचे महत्त्व ओसरले. मात्र नदीच्या मुखाकडील धरमतर खाडीला औद्योगिक काळात नवे महत्त्व प्राप्त झाले. डोलवी येथील पोलाद कारखाना याच खाडीकाठी उभा राहिला. इस्पात समूहाने सुरू केलेला हा कारखाना २०१० मध्ये जिंदाल समूहाकडे गेला. त्याची वार्षिक उत्पादनक्षमता आता सुमारे १ कोटी टन आहे. खाडी उथळ असल्याने मोठी जहाजे धरमतरपर्यंत येऊ शकत नाहीत. खनिज व कोळसा मुंबईच्या समुद्रात किंवा जयगड बंदरात उतरवून बार्ज व लहान जहाजांतून धक्क्यावर आणला जातो. इतका अवजड माल रस्त्याने आणणे परवडणारे नाही, हे लक्षात घेतले म्हणजे कारखान्याच्या जागेची निवड सहज समजते.

लोहमार्ग

पनवेलकडून आलेला लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचला. त्यामागे प्रवाशांच्या सोयीपेक्षा उद्योगांची गरज अधिक होती. अलिबागजवळील थळ येथील खत कारखान्यासाठी पेणहून मालवाहू फाटा काढण्यात आला. त्यावरून प्रवासी गाडी सुरू व्हावी ही अलिबागकरांची जुनी मागणी आहे. नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आणि रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहत यांनाही हा मार्ग जवळचा आहे.

रोहा येथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाल्यावर परिसर गोवा, कर्नाटक, केरळ यांच्याशी थेट जोडला गेला. १९९९ पासून रोहा तालुक्यातील कोलाड येथून भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्यातील वेर्णा येथे नेण्याची ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. यात डिझेलची बचत होते, घाटातील वळणे टळतात आणि चालकालाही विश्रांती मिळते. रोहा ते वीर या टप्प्याचे दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले. पुढील मार्ग मुख्यतः एकेरीच आहे आणि मालगाड्यांच्या वेळापत्रकावरील खरी मर्यादा तीच होय. कासू स्थानकावर केवळ सवारी गाड्या थांबतात.

महामार्ग

मुंबई-गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७) कासूजवळून जातो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये हाती घेण्यात आले. पुढे ते पळस्पे-कासू व कासू-इंदापूर अशा प्रत्येकी ४२ किलोमीटरच्या दोन टप्प्यांत विभागले गेले. एरवी फारसे कोणाला ठाऊक नसलेले कासूचे नाव वृत्तपत्रांत आणि उच्च न्यायालयातील सुनावण्यांत वारंवार येऊ लागले ते यामुळे. भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यासंबंधीच्या परवानग्या आणि ठेकेदारांची दिरंगाई यांमुळे काम दशकाहून अधिक काळ रखडले.

या विलंबाची किंमत नकाशावरील अंतरात दिसत नाही. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर (१९८९) येथून फार दूर नाही. परंतु वडखळच्या कोंडीत ट्रक अडकल्यास त्या जवळिकीचा उपयोग उरत नाही. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या प्रवाशांसाठी या महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते, तेव्हा कारखान्यांना कच्च्या मालाचा साठा आधीच करावा लागतो. पेणच्या गणेशमूर्तींचा व्यवसाय तर खड्ड्यांनी थेट बाधित होतो. पेंढ्यात कितीही जपून बांधली तरी मूर्ती ही धक्का सोसणारी वस्तू नव्हे.

जमीन व खारेपाट

वाहतुकीच्या सोयीमुळे येथील जमिनीवर उद्योगांची नजर राहिली आहे. पेण, उरण व पनवेल तालुक्यांत प्रस्तावित असलेल्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रास शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी त्यावर जनमत घेण्यात आले. भूसंपादनासाठी असे मत अजमावणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. पुढे हा प्रकल्प बारगळला. खाडीकाठच्या खारेपाटात प्रश्न निराळा आहे: बार्जच्या लाटांनी बांध खचतात व खारे पाणी भातशेतीत शिरते, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. एकदा खारवलेली जमीन पुन्हा पिकाखाली आणण्यास काही पावसाळे जावे लागतात.

नवे प्रकल्प

शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेचा नवघर ते बलावली हा पहिला टप्पा पेण तालुक्यात संपणार आहे. तो झाल्यास उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला मुंबई टाळणारा मार्ग उपलब्ध होईल.