पिठ्या ढेकूण : उपद्रव व नियंत्रणाचा इतिहास

पिठ्या ढेकूण : उद्यानातील वृक्ष व झुडपे यांच्या कोवळ्या भागांतून रस शोषणारा हेमिप्टेरा गणातील मऊ अंगाचा कीटक. मादीस पंख नसतात. तिच्या शरीरावर पांढऱ्या मेणचट भुकटीचा थर असल्याने हे नाव पडले आहे. उपद्रवामुळे पाने आकसतात, शेंड्यांची वाढ खुंटते व कीटकाच्या गोड स्रावावर काळी बुरशी वाढते. या स्रावासाठी मुंग्या त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात.

या कीटकाच्या आप्तांपैकी एक भारतात मुद्दाम आणला गेला. लाल रंग देणारा कोचिनियल कीटक समजून १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात भलतीच जाती आणली गेली. तिच्यापासून चांगला रंग मिळाला नाही. मात्र तिने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. कीटकाकडून वनस्पतीचे नियंत्रण होण्याचे हे जगातील आरंभीचे उदाहरण होय. पुढे १८९८ मध्ये कॉफीवरील खवले कीटकांसाठी ऑस्ट्रेलियातील क्रिप्टोलीमस हा भुंगेरा आणण्यात आला. तो येथे रुळला तो मुख्यतः पिठ्या ढेकणांचा भक्षक म्हणून.

मध्य अमेरिकेकडील पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळला व नंतर महाराष्ट्रातही पसरला. पपईखेरीज जास्वंद, तुती इत्यादींवरही तो वाढतो. रासायनिक फवारणीस तो पुरेसा बधला नाही. अखेर २०१० मध्ये प्वेर्त रीकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस या सूक्ष्म परजीवी गांधीलमाशीने त्यास आवर घातला. त्यानंतरच्या दशकात मुंबईतील अनेक जुने पर्जन्यवृक्ष वठले; त्यामागे पिठ्या ढेकणांचा उपद्रव हे एक प्रमुख कारण मानले गेले.

पनवेल तालुक्यातील बेलपाडा व परिसरात सिडकोने (स्थापना १९७०) खारघर नगर वसविले. अशा नव्या नगरांतील उद्यानांना हा इतिहास उपयुक्त आहे. कोकणातील जोरदार पावसात ही कीड धुऊन जाते, परंतु कोरड्या महिन्यांत ती पुन्हा वाढते. तेव्हा कीडग्रस्त शेंडे छाटून नष्ट करणे, मुंग्यांना झाडावर चढू न देणे व साबणाच्या सौम्य पाण्याने फांद्या धुणे हे उपाय प्रथम योजावेत. क्रिप्टोलीमसच्या अळीवरही पांढरे मेणचट तंतू असल्याने तीच कीड समजून मारली जाते. ती अळी अधिक मोठी व चपळ असते; तिला ओळखून राखणे हेच झाडाच्या हिताचे होय.