नगरपालिका गेली, उपनगर उरले

शहराचा इतिहास लिहिताना राजे, मंदिरे, घाट आणि लढाया यांना पानेच्या पाने मिळतात. नळ, दिवे आणि गटारे यांच्या वाट्याला ओळही येत नाही. वास्तविक सामान्य कुटुंबाचा शासनसंस्थेशी जो नित्याचा संबंध येतो तो याच गोष्टींमुळे. म्हणूनच नाशिकरोड या उपनगराच्या नागरी जीवनाचा थोडक्यात मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे या परिसरात राहतात, तेव्हा हा इतिहास परका नाही.

नाशिकरोड हे मुळी गावाचे नव्हे, स्थानकाचे नाव. लोहमार्ग जुन्या नाशिकपासून काही मैल दूरून गेला आणि गोदाकाठच्या नगरीला जाण्यासाठी जेथे उतरावयाचे ते ठिकाण ‘नाशिकरोड’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १८८९ साली स्थानक व शहर यांच्यामध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. पुढे १९२० च्या दशकात येथे टपालाची तिकिटे छापणारा सिक्युरिटी प्रेस आला आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला. येथील मध्यवर्ती कारागृहाला वाङ्मयातही स्थान आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. स्थानक, छापखाने आणि तुरुंग यांच्या आधाराने वाढलेल्या या वस्तीत नोकरीनिमित्त अनेक प्रांतांचे, भाषांचे आणि धर्मांचे लोक आले. तिच्या एका भागाचे तर नावच ‘उपनगर’ असे पडले.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला जे बळ मिळाले त्याच्याही आधीची. नाशिकरोड-देवळालीला मात्र पुढे स्वतःची स्वतंत्र नगरपालिका मिळाली. औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेल्या सातपूरलाही तशीच मिळाली. देवळाली कॅम्पचा कारभार छावणी मंडळाकडे होता. एकाच लोकवस्तीच्या साखळीत असे चार निरनिराळे कारभार नांदत होते. पाण्याचेही तसेच. नाशिक गोदावरीकडे पाही, तर नाशिकरोडच्या नळांना चेहेडीच्या बंधाऱ्यावरून दारणेचे पाणी येई.

७ नोव्हेंबर १९८२ रोजी हे चित्र पालटले. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तिन्ही नगरपालिका व भोवतालची गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. छावणीचा भाग तेवढा वेगळा राहिला. या विलीनीकरणामागे सबळ कारणे होती. कारखाने वाढले होते, वस्त्या एकमेकींना भिडू पाहत होत्या. पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि रस्ते यांची आखणी तुकड्यातुकड्यांनी करणे शक्य नव्हते. मोठ्या कामाला मोठी संस्था हवी, हे आम्हांलाही मान्य आहे.

परंतु नगरपालिका गेल्या आणि त्यांच्या जागी लोकनियुक्त सभागृह लगेच आले नाही. महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९९२ साली. मधली जवळजवळ दहा वर्षे प्रशासकांची होती. प्रशासक कर्तबगार असू शकतो. पण तो वरून आलेला असतो आणि बदली होताच जातो. आपल्या आळीत राहणारा सभासद कसाही असला तरी बाजारात भेटतो, लग्नात भेटतो आणि त्याला पाच वर्षांनी पुन्हा दारी यावे लागते. नाशिकरोडच्या नागरिकाने १९८२ मध्ये गमावले ते हे जवळपण. १९९१ चा सिंहस्थ कुंभमेळाही नाशिकने महानगरपालिकेचे लोकनियुक्त सभागृह नसतानाच पार पाडला.

योगायोग असा की याच दशकात आपल्या धर्मजीवनात उलट दिशेची घडामोड होत होती. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेने धर्मग्रामात पाळकीय परिषद स्थापन करण्याची तरतूद केली. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि येशूसंघीय थॉमस भालेराव हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. शहराचा कारभार मोठा आणि दूरचा होत असताना धर्मप्रांताचा कारभार जवळ आला. पाळकीय परिषदेचा अधिकार सल्ल्यापुरताच असतो हे खरे. तरीही चार कुटुंबांनी एकत्र बसून हिशेब पाहावा, सणाची आखणी करावी, मतभेद बोलून मिटवावेत, हे शिक्षण तेथे मिळते.

सण हीदेखील एक नागरी शाळाच आहे. नाशिकरोड येथे दर फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. दूरदूरचे भाविक येतात आणि त्यांत इतर धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने असतात. त्या दिवसांत पाणी, स्वच्छता, वाहतूक, आरोग्य यांची व्यवस्था केवळ धर्मगुरूंच्या प्रार्थनेने होत नाही. त्यासाठी पालिका आणि पोलीस यांच्याशी बोलावे लागते. गणेशोत्सव मंडळांचा आणि शिवजयंतीच्या समित्यांचा अनुभव याहून वेगळा नसावा. परंतु उत्सव सभागृहाची जागा घेऊ शकत नाही. यात्रेसाठी रस्ता चार दिवस झाडला जातो. तो वर्षभर झाडला जावा यासाठी प्रश्न विचारणारा माणूस सभागृहात लागतो.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनात्मक स्थान दिले. मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असा दंडक घातला. मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. त्यामुळे २०१२ मध्ये नाशिकच्या १२२ पैकी ६१ जागा स्त्रियांसाठी होत्या. आता पोकळी पुन्हा पडणार नाही असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि आरक्षण व प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात निवडणूक अडकून पडली. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. शेजारच्या देवळालीसह देशातील छावणी मंडळांच्या, २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुकाही रद्द करण्यात आल्या. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा हे शहर सभागृहाविना चालले. अधिक खेद वाटतो तो या वेळी आपण ते फारसे मनावर घेतले नाही याचा.

महानगरपालिकेचे मुख्यालय शरणपूर रोडवर आहे. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे आश्रय आणि शिक्षण मिळाले. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत १८७४ साली इंग्लंडला गेला. ही वस्ती आपल्या कॅथलिक परंपरेतील नव्हे. पण आज शहराचा कारभार जेथून चालतो त्या रस्त्याला एका लहानशा ख्रिस्ती वस्तीचे नाव आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या शहराच्या घडणीत आपण पाहुणे नव्हतो.

पाहुण्याने यजमानाच्या घराचा हिशेब विचारू नये, हा शिष्टाचार झाला. घरच्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. यात्रेच्या मंडपासाठी आपण जितक्या उत्साहाने जमतो, तितक्याच नेमाने मतदार यादीत आपले नाव पाहण्यास आणि नगरसेवकाच्या दारी पाण्याचा प्रश्न घेऊन जाण्यास जमलो, तर नाशिकरोडचे हरवलेले जवळपण काही अंशी तरी परत येईल. नगरपालिका परत येणार नाही. नागरिक मात्र येथेच आहेत.