धर्मांतरानंतरचा नवा जन्म : केडगाव, १९०५

माणसाच्या अंतःकरणात देवाच्या कृपेने घडणाऱ्या आमूलाग्र पालटाला ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘नवा जन्म’ म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक परूशी, म्हणजे नियमशास्त्राचा कडवा पाईक, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि म्हातारपणी माणसाने आईच्या उदरात पुन्हा शिरावे तरी कसे, असे विचारतो. त्याच्या या गोंधळाचे मूळ एका ग्रीक शब्दात आहे, कारण ‘अनोथेन’ या शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. मराठीत अडचण याहून अवघड होती. ‘पुनर्जन्म’ हा शब्द भाषेत आयता होता, परंतु तो कर्माच्या फेऱ्यातला, मेल्यानंतरचा आणि पुन्हा पुन्हा येणारा जन्म; उलट ख्रिस्ती कल्पनेतला नवा जन्म याच देहात एकदाच होतो आणि तीच सुटकेची सुरुवात असते. म्हणजे ज्यातून सुटायचे त्याचेच नाव ज्याने सुटायचे त्याला देण्याचा प्रसंग होता. ‘पश्चात्ताप’ या शब्दाचीही तीच गत. ग्रीक ‘मेटानोइया’चा रोख मनाची दिशा पालटण्यावर आहे, तर मराठी शब्दात मागाहून होणारी जळजळच तेवढी येते. ‘अंतःकरण’ हा शब्द मात्र चपखल बसला, कारण हिब्रू ‘लेव’ हे केवळ भावनेचे घर नसून विचाराचे आणि संकल्पाचेही स्थान आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात दगडाचे हृदय काढून मांसाचे देण्याचे जे अभिवचन आहे, ते याच अर्थाने.

विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले आणि १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हापासून ही शिकवण मराठीत सांगितली जात होती. तरीही एकोणिसाव्या शतकात वाद पेटले ते नव्या जन्मावरून नव्हेत, तर बाप्तिस्म्यावरून. बाप्तिस्मा घेणाऱ्याची पंगत तुटे, जात जाई, बायकामुले दुरावत. वारसाहक्क तरी जाऊ नये म्हणून १८५० मध्ये सरकारला कायदा करावा लागला. समाजाने मोजले ते धर्मांतर आणि मिशनांनी अहवालांत मोजले तेही बहुधा धर्मांतरच. अंतःकरणाचे काय झाले, हा प्रश्न ज्या मराठी व्यक्तीने सर्वांत निर्दयपणे, आणि तोही स्वतःला, विचारला ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या मठात असताना झाला. त्यानंतरही त्र्यैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव असल्याच्या सिद्धान्तावरून त्या मठातील आपल्या मार्गदर्शक भगिनीशी पत्रांतून कडाक्याने वाद घालत राहिल्या. अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले, आणि मुली ख्रिस्ती होतील या भीतीने उठलेल्या वादळात १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. गंमत अशी की, ज्या बाईंवर दुसऱ्यांना ख्रिस्ती करण्याचा आरोप होत होता, त्या स्वतः खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झाल्या आहेत की नाही, या शंकेने त्या सुमारास ग्रस्त होत्या. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यास एक पुस्तक निमित्त झाले. विल्यम हॅसलम हा कॉर्नवॉलमधील रीतसर दीक्षित पाद्री. १८५१ मध्ये व्यासपीठावर उभा राहून प्रवचन करीत असतानाच त्याचे मन पालटले, आणि पाद्रीचेच परिवर्तन झाले, असे श्रोत्यांतून कोणी ओरडले. ही हकिकत त्याने पुढे ग्रंथरूपाने लिहिली. दीक्षा आणि नवा जन्म या दोन भिन्न घटना असू शकतात, हे शास्त्र्याची लेक असलेल्या रमाबाईंनी एका पाद्रीच्या चरित्रातून ताडले.

केडगावच्या उज्जीवनाचा अर्थ या पार्श्वभूमीवरच नीट लागतो. ‘उज्जीवन’ म्हणजे थंडावलेल्या मंडळीत श्रद्धेचा पुन्हा झालेला सामुदायिक संचार. तो परधर्मीयांसाठी नव्हे, तर आधीच ख्रिस्ती असलेल्यांसाठी असतो. १८९६–९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांत, गुजरात अशा ठिकाणांहून उपाशी मुली आणून दौंडनजीक केडगावच्या माळावर मुक्ती सदनात ठेवल्या, आणि थोड्याच वर्षांत तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्यांतील पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला होता, पण अन्नासाठी आलेली मुलगी प्रार्थनेला बसते म्हणून तिचे अंतःकरण बदलले असे मानण्याइतक्या रमाबाई भोळ्या नव्हत्या. १९०४ मध्ये वेल्समध्ये उठलेल्या उज्जीवनाच्या बातम्या आल्यावर, जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी स्त्रिया मागितल्या. सत्तर पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या पाचशेवर गेली.

२९ जूनच्या पहाटे मुलींच्या निजण्याच्या खोलीत एका मुलीवर ज्वाळा दिसल्याने दुसरी पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतण्याच्या बेतात असताना आग नाहीच असे तिला दिसले, असा वृत्तान्त त्या वेळच्या लेखनात आहे. त्या ज्वाळांचे काय मानायचे ते वाचकाच्या श्रद्धेवर सोडता येईल. इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे ती बादली, कारण पाहणारी भक्तिभावाने हात जोडून उभी राहिली नाही, आग विझवायला धावली. पुढे काही दिवस वर्ग बंद पडले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत आणि खोटे बोलल्याचे, चोरल्याचे उघड कबूल करीत. हा गलबला काही पाहुण्या मिशनऱ्यांना रुचला नाही. पुढे काही मुली ‘अन्य भाषांत’, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने उमटणाऱ्या अनोळखी शब्दांत, बोलू लागल्यावर वाद वाढला. रमाबाईंनी तो प्रकार दडपलाही नाही आणि नव्या जीवनाची अट म्हणून लादलाही नाही. खऱ्या पालटाचे चिन्ह त्या वागणुकीत शोधत होत्या. मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या.

मुक्ती सदनात काम करणाऱ्या अमेरिकन मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या मैत्रिणीमार्फत चिली देशातील वाल्पाराइसो येथे पोचली आणि १९०९ मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळीत उठलेल्या चळवळीस कारण झाली. दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या पंथप्रवाहाचा एक उगम पुणे जिल्ह्यात आहे, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनात यायला हवी तितकी आलेली नाही.

रमाबाई मात्र शब्दांच्या प्रश्नाकडेही वळल्या. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बाईला कळत नाही, आणि त्यातील अनेक शब्द वेदान्ताचे अर्थ सोबत घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. ती करणाऱ्या बाईंनी संस्थेचे नाव मात्र ‘मुक्ती’च ठेवले होते. सोप्या भाषांतरासाठी उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. सदनातील स्त्रियांनीच चालविलेल्या छापखान्यातून ते भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले.